पंप पाणी देईना? मोटार खोलण्याआधी हे पाहा



ऊन तापू लागले की आमच्या कार्यक्रमाकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. "काल सांजेपर्यंत पंप चांगला चालला. आज मोटार फिरते, पण पाणी येत नाही. काय करावे?" नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत पुष्कळ घरांचे पिण्याचे आणि गुराढोरांचे पाणी घरच्या आडावर, विहिरीवर किंवा बोअरवर अवलंबून असते. पंप बंद पडला की सगळे घर अडते. घाईघाईत मोटार खोलली जाते, तालुक्याला नेऊन भरून आणली जाते, हजारो रुपये जातात. आणि बसवून बटण दाबले तरी नळ कोरडाच! कारण बिघाड मोटारीत नव्हताच.

म्हणून या पत्रकात एकच गोष्ट सांगायची आहे. पंप पाणी देत नसेल तर चार ठिकाणी पाहायचे, आणि तेही ठरावीक क्रमाने: आधी पाणी, मग वीज, मग पाईप, आणि सर्वांत शेवटी पंप. पहिल्या तिन्ही ठिकाणच्या तपासणीला फारसा खर्च नाही. चौथ्याला आहे. म्हणून तो शेवटी.

सर्वांत आधी जिवाची काळजी

पंपाला, पाईपला किंवा वायरला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करा. नुसते स्टार्टरचे बटण दाबून भागत नाही. शेतातल्या तीन फेजच्या मोटारीला ऑटो लावलेला असेल तर तो आधी बंद करा. तुम्ही पाईप धरून उभे असताना वीज आली की ऑटो मोटार सुरू करतो आणि घात होतो. हात ओले, पाय ओले, जमीन ओली अशा स्थितीत वायरिंगला हात लावू नका.

दुसरी गोष्ट. फूटव्हॉल्व्ह पाहायला कोणी आडात उतरू नये. खोल, अरुंद आडात तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. गाळ काढायला डिझेल इंजिन आत ठेवून चालवले असेल तर त्याच्या धुरातला विषारी वायू तिथेच साचून राहतो. दिवा सोडून पाहिला आणि तो विझला नाही, म्हणजे आड सुरक्षित आहे असे समजू नका. हा विषारी वायू दिव्याने कळत नाही. एकजण बेशुद्ध पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. कप्पी आणि दोर लावून दोघा-तिघांनी पाईपच वर ओढून घ्यावा. माणूस आत सोडू नये.

पहिले ठिकाण: पाणी

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! पंपालाही हेच लागू आहे.

आपला बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. नांदेडच्या बिलोली, देगलूरकडे ग्रॅनाइटचा खडक लागतो. दोन्ही खडक कठीण. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ही साठवण थोडी असते. पावसाळ्यात ती लवकर भरते आणि उन्हाळ्यात तितकीच लवकर आटते. सलग दोन वर्षे पाऊस कमी झाला तर काय होते ते लातूरकरांना सांगायला नको. मांजरा धरण आटले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी आले होते.

तेव्हा पंप पाणी देईना की प्रथम दोरीला दगड बांधून आडातली पाण्याची पातळी मोजा. काठापासून पाण्यापर्यंत किती फूट आणि पाण्यापासून तळापर्यंत किती फूट, हे दोन्ही लिहून ठेवा. दोरी फिरत्या पंपाजवळ सोडू नका.

आता नीट लक्ष द्या. काठावर बसवलेला मोनोब्लॉक पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पंपाचा पंखा पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे त्याच्या मागे पोकळी होते, आणि आडातल्या पाण्यावर असलेला बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला त्या पोकळीत ढकलतो. हा दाब समुद्रकाठीसुद्धा पाण्याला १०.३ मीटर, म्हणजे सुमारे ३४ फुटांपेक्षा वर चढवू शकत नाही. लातूरचे पठार समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरपेक्षा उंच आहे, तिथे हा दाब आणखी थोडा कमी. शिवाय पाईपचे घर्षण, वाकणे, फूटव्हॉल्व्हची जाळी यांत काही दाब खर्च होतो. म्हणून व्यवहारात पंपापासून पाण्याची पातळी २० ते २२ फुटांपेक्षा खाली गेली की काठावरचा पंप पाणी उचलणे सोडतो. मोटार एक अश्वशक्तीची असो की पाच, त्याने फरक पडत नाही. संक्रांतीला चालणारा पंप चैत्रात बंद पडतो तो याच कारणाने. पंप बिघडलेला नसतो, पाणी त्याच्या आवाक्याबाहेर गेलेले असते.

यावर उपाय दोन. पंप आडातल्या पक्क्या ओट्यावर खाली घ्यायचा, किंवा पाण्यात बुडून चालणारा ओपनवेल सबमर्सिबल पंप बसवायचा. तो पाणी खालून वर ढकलतो, त्यामुळे त्याला ही २०-२२ फुटांची अडचण नाही. पंप ओट्यावर घेतला असेल तर मृगाआधी तो परत वर काढायला विसरू नका. एका रात्रीच्या पावसाने पाणी चढते आणि मोटार बुडते.

पाणी आहे, पण पंप दहा-पंधरा मिनिटे चालून हवा सोडू लागतो, धार तुटक येते, असे होत असेल तर आडाचा पाझर पंपाला पुरत नाही. त्याचा हिशोब घरी करता येतो. आठ फूट व्यासाच्या गोल आडात एक फूट उंचीचे पाणी म्हणजे सुमारे १,४०० लिटर. तुमचा पंप दोनशे लिटरचा बॅरल चार मिनिटांत भरत असेल तर तो तासाला ३,००० लिटर पाणी काढतो. म्हणजे अर्ध्या तासात आड एक फुटाहून थोडा जास्त उतरतो. रात्रभरात पाझराने पाणी अर्धा फूटच चढत असेल तर तुमची रोजची कमाई ७०० लिटर आहे. कमाई ७०० आणि खर्च १,५०० असेल तर नवा पंप आणूनही उपयोग नाही. सकाळी सात मिनिटे आणि संध्याकाळी सात मिनिटे पंप चालवा. टाकी तितकीच भरेल आणि मोटार कोरडी चालणार नाही. सहा माणसे आणि दोन जनावरे असलेल्या घराची पिण्याची व वापरण्याची नड काटकसर केली तर यात भागते.

दुसरे ठिकाण: वीज

पाणी आहे अशी खात्री झाली की विजेकडे वळा. मोटार कसा आवाज करते यावरून बरेच कळते.

मोटार अजिबात आवाज करत नसेल तर घरातला दिवा लागतो का, फ्यूज शाबूत आहे का, स्टार्टर पडला आहे का, वायर कुठे उंदराने कुरतडली आहे का, हे पाहा. फ्यूज गेला म्हणून जाड तांब्याची तार गुंडाळू नका. फ्यूज जळतो तो मोटार वाचावी म्हणून. जाड तार टाकली की फ्यूज राहतो आणि मोटार जळते.

मोटार नुसती घूं घूं करते, फिरत नाही, असे असेल तर ताबडतोब बंद करा. अशा स्थितीत एक-दोन मिनिटांतही वाइंडिंग जळू शकते. याची कारणे तीन: व्होल्टेज कमी, कंडेन्सर निकामी, किंवा पंखा अडकलेला. मेन स्विच बंद करून मोटारीचा दांडा मागच्या पंख्याकडून हाताने फिरवून पाहा. सहज फिरला तर दोष व्होल्टेजचा किंवा कंडेन्सरचा. फिरला नाही तर पंपात गाळ, खडा किंवा गंज अडकला आहे. कंडेन्सर मात्र स्वतः उघडू नका. वीज बंद केल्यावरही त्यात करंट साठून राहतो आणि झटका बसतो. ते काम वायरमनचे.

घरची वीज २३० व्होल्टची असते. त्यात वर-खाली सहा टक्के, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्टपर्यंत फरक चालतो. संध्याकाळी सगळ्या गावाच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज १८० च्या आसपासही येते. पाचवा हिस्सा कमी झाला, त्यात काय, असे वाटते. पण मोटारीची सुरू होण्याची ताकद त्याने सुमारे चाळीस टक्क्यांनी घटते. म्हणून अशा वेळी मोटार घुंघावते पण धरत नाही. तिला पुन्हा पुन्हा बटण दाबून छळू नका. पहाटे किंवा दुपारी व्होल्टेज चांगले असताना पंप चालवा. घरापासून आड लांब असेल आणि वायर बारीक असेल तर वायरीतही व्होल्टेज खर्च होते. म्हणून व्होल्टेज घरात मोजू नका, पंपापाशी आणि पंप चालू असताना मोजून घ्या.

शेतातली मोटार तीन फेजची असेल तर एक फेज गेल्यावर ती दोन फेजवर चालत राहते, तापते आणि जळते. त्यासाठी स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घ्यावा. आणि लाईनवर किंवा डीपीवर काम झाल्यानंतर पंप चालतो पण पाणी फार कमी देतो, असे झाले तर मोटार उलटी फिरत असण्याचा संभव आहे. कोणत्याही दोन फेजच्या वायरींची अदलाबदल वायरमनकडून करून घेतली की ती सुलट फिरते.

तिसरे ठिकाण: पाईप आणि फूटव्हॉल्व्ह

पाणी आहे, वीज चांगली आहे, मोटार जोरात फिरते, पण पाणी नाही. काठावरच्या पंपाच्या बाबतीत अशा वेळी बहुतेकदा पाईपात हवा शिरलेली असते. पंपाचा पंखा पाणी फेकू शकतो, हवा फेकू शकत नाही. म्हणून पंप आणि त्याखालचा पाईप आधी पाण्याने पूर्ण भरलेला हवा.

तपासणी अशी करा. मेन स्विच बंद. पंपावरचा पाणी भरायचा बूच काढा आणि काठोकाठ पाणी भरा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. मग पाच मिनिटे नुसते पाहा.

पाणी खाली उतरत गेले तर फूटव्हॉल्व्ह गळतो आहे. त्याच्या चामडी वायसरखाली खडा, पालापाचोळा अडकला असेल किंवा वायसर झिजला असेल. पाईप वर ओढा, जाळी आणि वायसर धुऊन घ्या, झिजला असेल तर बदला. वायसर स्वस्त असतो.

पाणी उतरत नाही, पण पंप सुरू केल्यावर थोडा वेळ धार येऊन तुटते, तर पाण्याची पातळी ठीक असल्यास वरचा एखादा जोड हवा ओढतो आहे. पंप चालू ठेवून पेटती उदबत्ती ओढणीच्या पाईपच्या एकेका जोडाजवळ धरा. जिथे धूर आत ओढला जाईल तिथे हवा शिरते आहे असे समजा. पंप बंद करून तो जोड सुतळी-सफेदा किंवा टेप लावून आवळा. फ्लॅंजमधला रबरी वायसरही पाहा. उन्हाने तो कडक होऊन चिरतो.

फूटव्हॉल्व्ह गळू लागला की शेणकाला पाईपात ओतून पाणी धरून ठेवायची युक्ती खेड्यापाड्यांत चालते. पिण्याच्या आडात हे कदापि करू नका. शेणातले रोगजंतू सरळ तुमच्या घागरीत येतात. हगवणीला ते आमंत्रणच आहे.

फूटव्हॉल्व्ह तळापासून किमान दोन फूट वर असावा, म्हणजे गाळ ओढला जात नाही. आणि पंप चालू असतानाही तो दोन फूट तरी पाण्याखाली राहावा, नाहीतर पाण्याला भोवरा पडून त्यातून हवा आत जाते.

चौथे ठिकाण: पंप

वरच्या तिन्ही ठिकाणी दोष सापडला नाही, तरच पंपाकडे या. पाणी हळूहळू, महिन्या-महिन्याने कमी होत गेले असेल तर पंखा झिजला आहे किंवा त्यावर क्षारांचा थर बसला आहे. आपल्या बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, तसाच थर पंखा आणि जाळीवरही चढतो. पाणी एकाएकी कमी झाले असेल तर पंख्यात काहीतरी अडकले आहे. पंप खडखडत असेल तर बेअरिंग गेले असेल किंवा त्याला पाणी पुरत नसेल.

ग्लॅंडमधून थेंब थेंब पाणी गळणे चांगले असते, त्याने दोरी आणि दांडा थंड राहतो. धारच लागली तर ग्लॅंड थोडी आवळा किंवा दोरी बदला. पण गळणे पूर्ण थांबेपर्यंत आवळू नका, दांडा झिजतो. ज्या पंपाला ग्लॅंडऐवजी सील असते तो मात्र थेंबभरही गळता कामा नये. गळू लागला तर पाणी मोटारीत जाण्याआधी सील बदला.

बोअरच्या पंपासाठी वेगळे चार शब्द

बोअरमधला सबमर्सिबल पंप डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वरूनच अंदाज घ्यावा लागतो. पातळी मोजायला बोअरमध्ये दोरी सोडू नका. ती केबलला गुंतते आणि पंपच अडकून बसतो.

धार भरपूर येऊन काही मिनिटांत तुटली, अर्धा तास थांबल्यावर पुन्हा आली, तर बोअरचे पाणी कमी आहे. धार पहिल्यापासूनच बारीक असेल आणि बोअरच्या तोंडाला कान लावल्यावर आत पाणी पडल्याचा आवाज येत असेल, तर आतला पाईप किंवा जोड फुटला आहे. पॅनेलमधला ओव्हरलोड वारंवार पडत असेल तर व्होल्टेज, केबलचा जोड आणि पंपात अडकलेली रेती या तिन्हींची तपासणी वायरमनकडून करून घ्या. ओव्हरलोड बांधून ठेवून पंप चालवणे म्हणजे मोटार हाताने जाळणे होय.

सबमर्सिबलची मोटार भोवतालच्या वाहत्या पाण्याने थंड राहते. पाणी संपले की ती तापते. म्हणून कोरडी मोटार आपोआप बंद करणारे यंत्र पॅनेलमध्ये बसवून घेणे हा चांगला खर्च आहे. मोटार पाणी भरायची असेल तर बोअरमध्ये सोडण्यापूर्वी तिच्यात स्वच्छ पाणी पूर्ण भरले आहे ना, हे स्वतः उभे राहून पाहा. पंप तळाला टेकवू नका, दहा फूट तरी वर ठेवा. आणि त्याला नायलॉनचा मजबूत दोर बांधल्याशिवाय आत सोडू नका. केबल धरून पंप कधीही ओढू नका.

शॉक लागला तर पंप बंद, तपासणीआधी वापर नाही

पंपाला, पाईपला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर "थोडासाच लागतो" म्हणून सोडून देऊ नका. बायाबापड्या, पोरे ओल्या हातांनी नळ धरतात. मेन स्विच बंद करा आणि वायरमन येईपर्यंत उघडू नका. पंपाला स्वतंत्र अर्थिंग हवे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचे अर्थ लिकेज ब्रेकर बसवले तर गळता करंट जिवावर बेतण्याआधी वीज तोडली जाते.

भिंतीवरची नोंद

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. तुम्हीही त्याच महिन्यांत आपल्या आडाची पातळी मोजा आणि मीटरबोर्डाजवळच्या भिंतीवर खडूने लिहा. शेजारी लिहा, दोनशे लिटरचा बॅरल किती मिनिटांत भरला. बोअर असेल तर बॅरलची मिनिटे आणि धार न तुटता किती वेळ टिकते, एवढे लिहिले तरी पुरे.

या दोन आकड्यांनी पुष्कळ वाद मिटतात. पातळी उतरली आणि बॅरलला वेळ जास्त लागू लागला, तर दोष बहुधा पाण्याचा. पातळी तीच आहे पण बॅरल उशिरा भरतो, तर दोष विजेचा, पाईपचा किंवा पंपाचा. मिस्त्री आला की त्याला भिंत दाखवा. त्याचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसे.

वर्षाची कामे थोडक्यात: मे महिन्यात पाणी तळाला असताना आडातला गाळ काढून घ्यावा. त्याच वेळी फूटव्हॉल्व्ह वर काढून धुवावा. मृगाआधी खाली घेतलेला पंप वर घ्यावा, वायरचे जोड टेप लावून बंद करावेत. दिवाळीच्या सुमारास ग्लॅंडची दोरी आणि मोटारीचा पाया पाहून बोल्ट आवळावेत.

हे पत्रक मीटरबोर्डाजवळ लावून ठेवा. पंप बंद पडेल तेव्हा पाना हातात घेण्याआधी एकदा वाचा: पाणी, वीज, पाईप, मग पंप.